वकीलसाहेबांच्या गाडीतला साप

मुलांनो, महाराष्ट्र राज्य नवे झाले त्या वर्षांत आम्ही चिखलीला राहत होतो आणि सुखदेव आमच्या, म्हणजे तुमच्या आजोबांच्या, वकीलसाहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर होता. तुमच्या बाबांचा जन्म तेव्हाचा. सुखदेवची बायको गोदाबाई परवा मला भेटायला आली. तिने जे सांगितले ते मी त्याच दिवशी तिच्याच शब्दांत उतरवून काढले. तुम्हाला वाचता यावी म्हणून तिची बोली जराशी सोपी केली आहे. मजकूर मात्र तिचा, जसाच्या तसा.

मी संग्रामपूरकडची बाई, सातपुड्याच्या पायथ्याची. आमच्या वावराच्या धुऱ्यावर दगडाची रास अन् त्या राशीत साप, म्हणून साप फुसकारते कसा हे मले चालाले लागल्यापासून ठाऊक. लगन झालं अन् मी खामगावले आली. आमचा बुढा, माहा नवरा, तवा कुठचा बुढा, पोरसवदा गडी, कापसाच्या जिनिंगात इंजिनले तेल घालाच्या कामावर व्हता. बारा वर्षाचा व्हता तवापासून थेच काम. थे इंजिन आपल्या घरायेवढं, सुरू झालं का पायाखालची जमीन हाले. जिनिंगातले सगळे माणसं घरी आले तरी मोठ्यानंच बोलत, आमची सारी चाळच बोंबलत राहे, त्याच्यात कोनाले ऐकू येते अन् कोनाले नाही, काय सांगू तुमाले, कसं समजाव?

मंग आमी धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या दुसऱ्या साली चिखलीले वकीलसाहेबायनं त्याले गाडीवर ठेवलं. गाडी शिकला व्हता जिनिंगच्या मालकाच्या ट्रकवर. तुमाले आठवत असन, तुमच्या सासूबाई गाडीत बसाच्या आंधी शीट पदरानं झटकत. झटकू द्या मने हा, चाक तर माह्याच हातात हाये. पण मले ठाऊक व्हतं, हे नोकरी गेली तर चिखलीत दुसरा कोनी आमच्या माणसाले मोटारीचं चाक धरू देणार नाही. पुन्हा जिनिंग, पुन्हा तेलाचा डबा.

वकीलसाहेबाले तो लय आवडे. काऊन आवडे, सांगू? साहेब लोकायले सांगत, आमचा सुखदेव म्हणजे विहीर, मांगच्या शीटवर पक्षकार काहीबी बोलो, खून बोलो का वाटणी बोलो, एक शबद बाहेर जात नाही. मले थे ऐकून छाती फुगल्यावानी व्हये. आता हसू येते अन् रडूबी येते.

तर थे गाडी. काळी, चौकोनी, विलायती. तुमाले आठवा महिना सरत आला व्हता, अकोल्याच्या डॉक्टरीण बाईनं बोलावलं व्हतं, सकाळी निघाचं ठरलं. अन् गाडीनं तीन दिवसापासून खोड काढली. चालताना बरी, पण उभी केली का थरथर करे, हिव भरल्यावानी, अन् मंग बंद पडे. बाजारात बंद पडली, कोर्टासमोर बंद पडली, लोकायनं धक्के मारले. साहेब रागावले. मने, खामगावचा मिस्त्री याले दोन दिवस लागतात, आज दुपारून तुले जमते का पाय, नाही तं मी मेहकरहून दुसरा डायव्हर बोलावतो गाडीसकट.

मंग यानं गाडी आमच्या खोलीसमोर आणून लावली, लिंबाखाली. प्लग काढले, दात घासाच्या जुन्या बुरुशानं घासले, घासलेटात धुतले. कार्बोरेटर उघडलं, माह्याच जुन्या ताटलीत ठेवलं, साऱ्या बारक्या भोकातून फुंकर मारली, पुन्हा बसवलं. हँडल मारलं, गाडी सुरू झाली. तशीच थरथर. पेचकस घेऊन तो एक स्क्रू इकडं फिरवे, तिकडं फिरवे, अन् डावा हात मडगाडवर ठेवून डोळे मिटून उभा राहे. मले वाटे, काय ध्यान देऊन ऐकून राह्यला माहा माणूस. ऐकत नव्हता बाई तो. हातानं पाहून राह्यला व्हता.

मी दारात भाकरी थापत व्हती. अन् मले आवाज आला, सूं करून, बारीक, एकसारखा. माह्या हातची भाकर परातीत पडली. मी ओरडली, अहो मांगं सरा, साप हाये आत. तो सरला नाही. मी पुन्हा ओरडली. त्याचं मुंडकं बॉनेटात. मी धावत गेली, दंडाले धरून वढलं, तवा पाह्यलं त्यानं माह्याकडं. काय झालं मने. मी मनलं साप फुसकारून राह्यला, ऐकू येत नाही का तुमाले? तो हसला, मने, येडी, गरम इंजिनात साप कायले बसन, कुठं काय आवाज हाये?

मी पाच पावलावर, चुलीपाशी, मले धडधडीत ऐकू येऊन राह्यलं अन् तो वीतभरावर मुंडकं घालून मनते, कुठं काय आवाज. मी त्याच्या मांगं जाऊन उभी राह्यली अन् हळू आवाजात त्याच्या मायचं नाव घेऊन एक शिवी देली. त्याच्या आंधी कधी देली नव्हती. तो पेचकस पुसत राह्यला.

मंग मीच पुढं झाली. आवाजाच्या मांगं मांगं कान नेला. इंजिनातून एक रबराची नळी काचेच्या वायपरकडं जाये, करंगळीयेवढी, तिच्या वाकणात चीर पडली व्हती, तिथून थे हवा वढून राह्यली व्हती. मी चिरीवर बोट ठेवलं तर बोट आत वढल्यावानी झालं, वासरू दूध पेते तसं. अन् आवाज बंद. अन् थरथर बंद. गाडी अशी गुमान उभी राह्यली, दुधावरच्या सायीवानी.

त्याचा हात मडगाडवर व्हताच. त्याले समजलं गाडी नीट झाली. त्यानं माहं बोट पाह्यलं, मंग तोंड पाह्यलं, अन् त्याले समजलं का मले समजलं. त्याचं तोंड, काय सांगू, चोरी पकडलेल्या लेकरावानी झालं.

मने, कवापासून मले तरी कुठं ठाऊक. आंधी पाखरं बंद झाली, मंग तुह्या बांगड्या. माणसाचं तोंड दिसलं तर समजते. मागून बोललं तर नाही.

नळीचा फाटका तुकडा कापला, उरलेली वढून बसवली, तार गुंडाळली, पाच मिनिटाचं काम. वकीलसाहेब आले, खुश झाले, पाठ थोपटली. अन् मी दारात उभी. आता सांगाव का? तुमी पोटुशी, सकाळी याच गाडीत बसणार. सांगतलं तर नोकरी गेली. नाही सांगतलं अन् रस्त्यात काही झालं तर? मी तोंड उघडलं अन् मनलं, साहेब, बाईच्या सोबतीले मीबी जाते अकोल्याले. पुढच्या शीटवर बसीन. साहेब मने, लय चांगलं.

तुमी असे डोळे मोठे करू नका बाई, आजून व्हयाचं हाये.

सकाळी निघालो, तुमी अन् साहेब मांगच्या शीटवर. खामगावच्या अलीकडं मागून एस. टी. आली. भोंगा वाजवून राह्यली, वाजवून राह्यली. मले त्याच्यासाठी ऐकाची सवय नव्हती आजून, मी तुमाले लिंबू सरबत देत व्हती मांगं वळून. हा रस्त्याच्या मधातून चालला मजेत. मंग एस. टी. बाजूनं घासत निघाली, एवढीशी फट राह्यली असन, अन् तिच्या डायव्हरनं मुंडकं बाहेर काढून मनलं, बहिरा हायेस का बे? आठवते? तुमी हसल्या. साहेबबी हसले. मने, सुखदेव, पाय, लोकायले तू बहिरा वाटून राह्यला.

तवापासून मी मांगं वळली नाही. माहा हात त्याच्या कोपरावर. मागून भोंगा आला का दाबाव, तो गाडी बाजूले घेये. किती गावं गेलो बाई तसे, सात साल. चिखलीत लोकायनं नाव ठेवलं, हे पाय, नवऱ्याले चिकटून बसते. तुमच्या सासूबाई तं मले तोंडावर मनल्या, लाज हाये का गं तुले, चारचौघात? लाजच सांगाची व्हती तर कोणती सांगू?

अकोल्याले तुमचा लेक झाला, तवा आमी सगळे व्हरांड्यात. पोरगं रडलं अन् सारे उभे राह्यले, साहेबाच्या डोळ्याले पाणी. हा एकटा बसूनच. मंग त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी मान हलवली, तवा उठला तो, साऱ्याच्या मांगून, अन् साऱ्यापेक्षा जास्त हसला.

हे कोनाले सांगतलं नाही आजलोक. आता साहेब गेले, सासूबाई गेल्या. एक गोष्ट इचारते, खरं सांगजा. तवा सांगतलं असतं तर ठेवलं असतं तुमी त्याले?

नसतं ठेवलं, गोदाबाई.

हाव. मले ठाऊकच व्हतं. मनूनच नाही सांगतलं. बरं झालं, तुमी गोड गोड नाही बोलल्या. पण खोटं नाही सांगत, तुमच्या लेकाले मोटारीत बसलेलं पाहते फोटोत, तवा माहा जीव आजूनबी दचकते, का याचा जीव धोक्यात घालून मी माहं पोट भरलं. रागवाचं तर मले रागवा, त्याले काही मनू नका, त्याले तुमचं रागावणं ऐकू येणार नाही.

आता त्याले ढग गरजलेलाबी ऐकू येत नाही. मी त्याच्यासंग एवढ्या मोठ्यानं बोलते का सारी गल्ली आमचा संसार ऐकते, आता लपवाचं कोनापासून. तुमचा लेक सुखी राहो, त्याचे लेकरं जिथं असतील तिथं सुखी राहोत. निघते मी बाई. मी घरी नसली का तो दार उघडं टाकून बसते, उंबऱ्याकडं तोंड करून.