शेवटची चिप

डॉक्टर : झालं ना समाधान? आता ते खेळणं खोक्यात भर आणि कंपनीला परत पाठवून दे.

धाकटा : ताई, खेळणं काय म्हणतेस! सीक्वेन्सर आहे तो.

डॉक्टर : जेवणाच्या डब्याएवढा तर आहे. आठवडाभर माझं डोकं खाल्लंस, ‘ताई, हे मशीन डीएनएचे लांबच्या लांब धागे सलग वाचतं.’ हा बघ तुझा रिपोर्ट. धागे कुठायत? सगळा चुरा!

धाकटा : तेच तर कळत नाहीये. सकाळपासून डोकं धरून बसलोय.

डॉक्टर : बस. पुढच्या आठवड्यात समितीपुढे तुझी नि माझी सही लागणार आहे, आणि मशीन मिळणार एकच. मी म्हणते ते मोठं मशीन एका फेरीत चाळीस पेशंटचे नमुने वाचतं. चुका नाहीत म्हटलं तरी चालेल. दवाखान्याला आणखी काय पाहिजे?

धाकटा : आणि तुझ्या त्या पिटुकल्या पेशंटला तसल्याच मशीननं काय उत्तर दिलं?

डॉक्टर : ए, तिला मध्ये आणू नकोस.

धाकटा : मी कुठे आणलं? या चाचणीसाठी तिचं रक्त तूच पाठवलंस.

डॉक्टर : ‘काही आढळले नाही.’ तीनदा, तीन लॅबमधून! नऊ वर्षांची पोर रे. सकाळी उड्या मारत शाळेत जाते आणि दुपारी बापाच्या पाठीवर बसून घरी येते. पाय आखडतात, वळतात. दोष जीन्समध्ये आहे, माझी खात्री आहे. पण नुसत्या खात्रीवर औषध कुठलं देऊ?

धाकटा : म्हणूनच तर म्हणतोय. तुझं मोठं मशीन दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतं. त्यातून काय निसटतं ते बघायचं तर...

डॉक्टर : तर तुझ्या मशीननं लांब वाचायला हवं, आणि ते वाचत नाहीये. थांब. पेशंटची हिस्टरी घेते तशी तुझी घेते. खरं बोलायचं. रक्त कधी आलं?

धाकटा : मंगळवारी. दहा मिनिटांत कामाला लागलो.

डॉक्टर : डीएनए कुणी काढला?

धाकटा : मी स्वतः. कुणाला हात लावू दिला नाही. सगळ्यांना तंबी दिली होती, हे धागे नाजूक आहेत, जोरात फुंकरसुद्धा मारायची नाही.

डॉक्टर : शहाणा माझा भाऊ. मग?

धाकटा : मग नळीत द्रावण घातलं.

डॉक्टर : मग?

धाकटा : मग झाकण लावलं आणि नेहमीसारखी नळी व्हॉर्टेक्सवर...

डॉक्टर : कशावर?

धाकटा : व्हॉर्टेक्सवर. अरे बापरे!

डॉक्टर : तो कोपऱ्यातला थरथरणारा मिक्सर? ज्याच्यावर धरलं की नळीतलं सगळं गरागरा फिरतं, तो?

धाकटा : अगं, अकरा वर्षांची सवय गं! छोटे तुकडे वाचायचे तर आम्ही मुद्दामच तोडतो. हात आपोआप गेला तिकडे.

डॉक्टर : किती वेळ धरलीस?

धाकटा : एक कडवं होईपर्यंत. गुणगुणत होतो मी.

डॉक्टर : अरे देवा! जगाला फुंकर मारू देत नाही आणि स्वतः गाणं म्हणत घुसळतोय!

धाकटा : हस. पोट धरून हस. पण दार लावून हस.

डॉक्टर : हसू नको तर काय करू? बरं, मशीनमध्ये नमुना घालायच्या चिपा किती उरल्यात?

धाकटा : एक. आणि मशीन न्यायला कंपनीचा माणूस सोमवारी येणार.

डॉक्टर : पिटुकली आत्ता माझ्या खोलीबाहेर बसलीय, तपासणीला आलीय. आईची परवानगी आहेच, पण पुन्हा सुई टोचणार म्हणून तिला नीट विचारते. रक्त मी आणते. आणि या वेळी मी तुझ्या डोक्यावर उभी राहणार.

धाकटा : म्हणजे तुला माझं मशीन जिंकायला हवंय?

डॉक्टर : मला ती पोर चालायला हवीय, बेडक्या. नळी उचल. आणि तोंड बंद ठेव, गाणं नको.

(नऊ दिवसांनी, तीच प्रयोगशाळा. दुपारी समितीची बैठक आहे.)

धाकटा : ताई, आधी बस.

डॉक्टर : उभी आहे ती बरी आहे. बोल पटकन.

धाकटा : सापडलं!

डॉक्टर : खरं सांग हं. थट्टा केलीस तर मार खाशील.

धाकटा : हा धागा बघ, सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधला एवढा भाग उलटा बसलाय. एकेक तुकडा वाचला तर अक्षरं सगळी बरोबर, म्हणून तिन्ही लॅबना काही दिसलं नाही.

डॉक्टर : जीन कुठला? सरक, बघू दे. अरे... अरे, हा? ताळा केलास?

धाकटा : वेगळ्या पद्धतीनं, दोनदा. म्हणून तर नऊ दिवस तोंड शिवून बसलो होतो.

डॉक्टर : याला औषध आहे रे! हिच्या मेंदूत एक रसायन कमी बनतं. सकाळी पुरतं, दुपारपर्यंत संपतं. तेवढंच गोळीनं द्यायचं. साधी गोळी! दोन वर्षांपूर्वी माझ्या मनात आलं होतं. रिपोर्ट कोरा आला आणि मी तो विचार सोडून दिला. मीच सोडला.

धाकटा : सोडला असतास तर चौथ्यांदा रक्त पाठवलं नसतंस. रडतेस काय?

डॉक्टर : रडत नाहीये. आण तो कागद. तुझ्या मशीनवर सही करते.

धाकटा : नाही करायची. मोठं घेऊ.

डॉक्टर : डोकं फिरलं का तुझं?

धाकटा : तुझी यादी वाचली मी. एकशे चाळीस मुलं रांगेत आहेत. बहुतेकांचं उत्तर तुझ्याच मशीनला सापडेल, तेही लवकर. माझ्यानं एकेक वाचत बसलो तर ती म्हातारी होतील.

डॉक्टर : आणि मोठ्या मशीननं ज्यांना कोरा रिपोर्ट दिला, त्यांचं काय? त्यांना घरी पाठवू? पुन्हा? मी नाही सही करणार.

धाकटा : अगं, ऐकून तर घे! ते छोटं भाड्यानं परत आणतोय, वर्षभर. कोरा रिपोर्ट आला आणि तुझं मन मानत नसलं, की नमुना माझ्याकडे.

डॉक्टर : भाड्यानं? कशातून?

धाकटा : माझ्या बेडकांच्या संशोधनाच्या पैशांतून. प्रमुखांची परवानगी काढली काल.

डॉक्टर : सहा वर्षं त्या बेडकांसाठी अर्ज करत होतास तू.

धाकटा : थांबतील बेडूक. त्यांना कुठे शाळेत जायचंय! कर फोन आता, का मी करू?

डॉक्टर : खबरदार! मीच करणार. स्पीकरवर ठेवते, तूही ऐक. हॅलो? मी डॉक्टर बोलतेय.

मुलीची आई : बोला मॅडम. थांबा हं, गॅस बंद करते... हां. बसले खाली. वाईट असेल तर सरळ सांगा, आडवळणं नकोत.

डॉक्टर : वाईट नाही हो. आजार सापडला. आणि त्याला गोळी आहे. आजच सुरू करू.

मुलीची आई : गोळीनं... चालेल ती? दुपारीसुद्धा?

डॉक्टर : चालेल असं वाटतंय मला. गोळी रोज घ्यावी लागेल, कायमची म्हणा ना. पण या आजारात बहुतेक मुलांना थोड्याच दिवसांत फरक दिसतो. शाळेतून स्वतःच्या पायांनी घरी येईल.

मुलीची आई : स्वतःच्या पायांनी?

डॉक्टर : हो, स्वतःच्या पायांनी.

मुलीची आई : वाईट काही कळलं तर घरात कसं सांगायचं, कुणाला बोलवून घ्यायचं, सगळं ठरलं होतं आमचं. चांगलं कळलं तर काय करायचं, ते ठरवलंच नव्हतं, मॅडम.