जोडीतली दुसरी रिंग

अमर : ओढू नका बाबा. ती निघणार नाही, फाटेल.

सदाशिवराव : निघते. तू फक्त स्पीकरचा डबा धर.

अमर : धरला आहे. पण कागदाच्या कडेची ही रिंग वाकडी चिकटली आहे, आणि ते सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आहे. एकदा धरलं की सोडत नाही.

सदाशिवराव : सोडू नये म्हनूनच त लावलं. ...फाटली.

अमर : हो.

सदाशिवराव : फाटली काहून पन? नवी कोरी होती.

अमर : फोमची आहे, बाबा. गफ्फारभाईंनी दुकानातून निघताना बजावलं होतं, पांढरा गोंदच लावा. तो उशिरा वाळतो, तोवर रिंग बोटाने सरकवून मधोमध आणता येते. चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ मिळतो.

सदाशिवराव : गफ्फारचं काय, त्याले दिवसभर बसाचंच हाये.

इंदुताई : आन तुमाले कुठं जायाचं हाये? सोयाबीन निघालं, तूर उभी हाये. चाह घ्या.

सदाशिवराव : दुसरी काढ.

अमर : दुसरी?

सदाशिवराव : पाकिटात दोन होत्या. मले का दिसलं नाही?

अमर : त्या जोडीनेच मिळतात.

सदाशिवराव : मंग काढ ना. एक वाया गेली, एक राह्यली.

अमर : राहिली ती काकांच्या डब्याची आहे.

इंदुताई : अमर.

अमर : असू दे आई, कधीतरी सांगायचंच होतं. मी शब्द दिला आहे.

सदाशिवराव : कोनाले?

अमर : प्रफुल्लकाकांना. शनिवारी त्यांचं सामान बांधायला गेलो होतो, तेव्हा.

सदाशिवराव : तू तिकडं जाऊन राह्यला?

इंदुताई : मीच धाडलं. त्यायच्या सोनूची वणीच्या खदानीत ड्युटी, त्याले सुट्टी भेटत नाही. बुधवारी दोघं नवरा-बायको घराले कुलूप लावून पोराकडं चालले, कायमचे. पेट्या कोनी बांधाव्या?

सदाशिवराव : मले कोनी सांगतलं नाही.

इंदुताई : वाटनीले अकरा वर्सं झाली. भिंतीपलीकडचं नाव काढलं का तुमी ताटावरून उठता. सांगावं कसं?

सदाशिवराव : बुधवार म्हंजे परवा.

अमर : परवा सकाळी. काकांचा डबा खिडकीखाली होता. जाळी काढून पाहिली तर कडेचा सगळा फोम गळालेला; बोट लावलं की काळी भुकटी. अगदी आपल्यासारखाच.

सदाशिवराव : आपला त यंदा गेला.

अमर : गफ्फारभाई म्हणाले, एकाच वेळचे असले की पुढेमागे एकदमच जातात. वाजवा किंवा वाजवू नका, फोम आपल्या वयाने विरतो. दोन घरांत ठेवले म्हणून त्यांचं वय वेगळं होत नाही.

सदाशिवराव : त्याचा दोन वर्साआधीच गेलता.

अमर : तुम्हाला कसं माहीत?

सदाशिवराव : भिंत एकच हाये ना. रोज सांजच्याले रेडिओ लावे थो, शेतीचा कार्यक्रम. मंग अंदर फरफर व्हाले लागली. मंग एक दिवस बंदच. मले वाटलं... मले काई वाटलं नाही. बंद झाला, एवढंच.

इंदुताई : तवाच मी म्हनो, हे सांज झाली का खाट भिंतीच्या कडेले काहून वढते.

सदाशिवराव : तिथं हवा येते.

इंदुताई : भिंतीतून?

अमर : बाबा, एक विचारू? वाटणीत ही जोडी फोडायचं काकांनी ठरवलं होतं ना?

सदाशिवराव : कोन म्हने?

अमर : कोणी नाही. मी तेव्हापासून तसंच समजत आलो.

सदाशिवराव : मी ठरवलं. यवतमाळहून आनली होती आमी दोघांनी. एस.टी.त एक डबा माह्या मांडीवर, एक त्याच्या. दारव्हा येईस्तोवर खाली ठेवला नाही. वाटनीत सारं वाटून झालं, भांडे झाले, बैल झाले, हे दोन डबे राह्यले. प्रफुल म्हने, दादा, जोडी कायले तोडता, तुमच्याकडंच राहू द्या. मी म्हटलं, मले तुह्या उपकाराचं नाई पाह्यजे, अर्धं म्हंजे अर्धं. एक डबा त्याच्या हातात देला आन वरून म्हटलं, घे, तुह्या वाट्याचा आवाज.

इंदुताई : थे मीबी आजच आयकून राह्यली.

सदाशिवराव : कोनाले सांगन्यासारखं होतं का थे? ...अमर, गोंद कुठं हाये?

अमर : कोणता?

सदाशिवराव : पांढरा. गफ्फारनं सांगतला थो. आन पलीकडं जाय, त्याचा डबा घेऊन ये.

अमर : मग आपला?

सदाशिवराव : आपला राहू दे तसाच फाटका. गफ्फारले दुसरी जोडी मागवाले सांग, येईन तवा येईन. बुधवार काई थांबत नाही.

अमर : काकांना काय सांगू? तुम्ही बोलावलं म्हणून?

सदाशिवराव : काई सांगू नको. म्हन, मी घरी नेऊन दुरुस्त करतो.

अमर : ते खोटं होईल.

सदाशिवराव : मंग मुका राहा. तुले थे चांगलं जमते.

इंदुताई : जाय बाप्पू. यायचं मन पलटाच्या आत जाय.

अमर : आणला काकांचा डबा. कुठे ठेवू?

सदाशिवराव : इथं, उजेडात. इचारलं का त्यानं काई?

अमर : नाही. डब्यावरची धूळ खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली आणि माझ्या हातात दिला. निघताना एवढंच म्हणाले, 'सावकाश करा.'

सदाशिवराव : बरं.

अमर : बाबा, मला ते नेहमी 'कर' म्हणतात. आज 'करा' म्हणाले.

सदाशिवराव : ...ब्लेड दे इकडं.

अमर : जुना गोंद हळू खरवडा. आतला कागद पातळ आहे, एकदा कापला गेला तर नवी रिंग असून उपयोग नाही.

सदाशिवराव : माहीत हाये. कवाचा एकच बोट हालवून राह्यलो.

इंदुताई : हा हात इतका हळू चालते हे मले चाळीस वर्सांत दिसलं नाही.

सदाशिवराव : तू कधी फाटली नाई ना.

इंदुताई : तुमाले दिसलं नसंन.

अमर : झालं, आता रिंगची आतली कड कागदाला लावायची. गोंद थोडाच. बघा, मधोमध आली का?

सदाशिवराव : डाव्या अंगाले गेली, जराशी. सरकवू?

अमर : सरकवा. अजून ओली आहे.

सदाशिवराव : सरकते रे.

अमर : आता ही वाळू द्यायची. बाहेरची कड त्यानंतर.

सदाशिवराव : किती येळ?

अमर : चार तास तरी.

सदाशिवराव : बसतो मंग. अवं, कोंबडी आत आली, हाकल. इथं फडफड नाई पाह्यजे.

इंदुताई : कोंबडी हाकलली, जेवन आनलं, आता दिवस कलला. बोटानं दाबून दाबून पाहू नका, नाहीतर कधीच वाळनार नाही थे.

अमर : वाळली, आई. बाबा, बाहेरच्या लोखंडी कडेला गोंद लावा. आता हा बॅटरीचा सेल घ्या, डब्याच्या दोन तारांना टेकवा.

सदाशिवराव : कागद पुढं आला.

अमर : सोडला की मागे जाईल. जाता-येता कुठे घासतो का, ते ऐकायचं.

सदाशिवराव : आयकू येत नाही मले एवढं बारीक. थांब, बोट ठेवतो. ...हाये. खालच्या अंगाले घासते.

अमर : बाहेरची कड वर सरकवा, केसभर. पुन्हा सेल लावतो.

सदाशिवराव : अजून हाये.

अमर : आता?

सदाशिवराव : पुन्हा लाव. ...आता नाही. आता मोकळा चालते. कोनी हात लावू नका याले, उद्या सांजपर्यंत. खाट मी इथंच टाकतो.

(मंगळवार, सांजवेळ.)

इंदुताई : देऊन आला डबा? काय म्हने प्रफुल?

अमर : काही नाही. काकूंनी बांधलेली पेटी सोडून रेडिओ बाहेर काढला, काकांनी तारा जोडल्या. मी सांगितलं, गोंद अजून पुरता मुरलेला नाही, आज हळूच वाजवा. ते 'बरं' म्हणाले.

सदाशिवराव : मंग लावत काहून नाही?

इंदुताई : यायनं खाट वढली पाहा. हवा येते का जी आज?

सदाशिवराव : चूप राह्य व.

अमर : लागला.

इंदुताई : हो माय. तुरीवरच्या अळीचं सांगून राह्यले. साफ येते आवाज, फरफर नाही का काई नाही. पन हे काय, तू त त्याले हळू वाजवा म्हनून सांगतलं ना? केवढा मोठा केला त्यानं.

सदाशिवराव : मोठा नाही केला. डब्याचं तोंड इकडं केलं.