तारप्याला पाठ

सांगायचं नाही असं आईने बजावलंय, पण मनात ठेवून ठेवून आता माझं पोट दुखायला लागलंय, आणि तुम्ही काही आमच्या सायवनचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते... तो माणूस आहे ना, तो बिननावाचा माणूस, त्याला मी सोडणार नाही!

इंटरनेटवर तो सगळ्यांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश आहे ना, त्यात आमच्या सायवनवर किती होतं? एक ओळ! 'सायवन हे डहाणू तालुक्यातील एक गाव आहे.' संपलं! म्हणून मी बसले लिहायला. वर्गात मी हजेरी देते तीसुद्धा मॅडमना ऐकू जात नाही, पण तिथे कुणी 'मोठ्याने बोल' म्हणत नाही, म्हणून लिहीत गेले... भात, नाचणी, ओहोळ, आणि शेवटी आमच्या पाड्यावरचे सुक्याकाका, डहाणू-तळासरी दोन्ही तालुक्यांत त्यांच्यासारखा तारपा, म्हणजे आमचं भोपळ्याचं फुंकायचं वाद्य, कुणी वाजवत नाही, असं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "माझं नाव? फोनमध्ये? मग वाच की मला!" म्हटलं, रविवारी वाचते.

रविवारी उघडते तर काय! माझी ओळ खोडलेली, आणि तिथे कुणीतरी नाव न देता, नुसत्या आकड्यांच्या क्रमांकाने लिहिलेलं, 'सुक्याच्या भोपळ्यातून सूर नाही, नुसता वारा येतो.' मी खोडलं. परत आलं. परत खोडलं. मग खाली, 'सायवनचे लोक तारप्याला पाठ करून नाचतात.'

तुम्हाला काही वाटलं नाही ना? तिथल्या प्रचालकालाही वाटलं नाही! प्रचालक म्हणजे देखरेख करणारा, बसतो कुठेतरी लांब शहरात. मी कळवलं, ही शिवी आहे. तर तो म्हणतो, "या वाक्यात आक्षेपार्ह काय आहे? संदर्भ द्या." संदर्भ! अहो, आमच्याकडे दुडदुडतं पोरसुद्धा नाचताना तारप्याला पाठ करत नाही! वाजवणारा वळला की अख्खी रांग वळते! पाठ करणं म्हणजे देवाच्या तोंडावर दार आपटणं. आता याला पुस्तकातला संदर्भ कुठून आणू? पण तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, की ही शिवी पुण्यामुंबईच्या माणसाला सुचणारच नाही. हा इथलाच कुणीतरी आहे. आणि त्याच दिवशी त्याने लिहिलं, 'लिहिणारी पोरगी शाळेत मुकी, इथे मात्र पोपट.'

म्हणजे हा मला ओळखतो! रस्त्याने जाताना मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायला लागले, दुकानदार हसला तरी वाटायचं, हाच! आणि सांगणार कुणाला?

मग पुढच्या रविवारी मलाच बंदी! 'या क्रमांकावरून शिवीगाळ झाली आहे.' क्रमांक म्हणजे नेटच्या जोडणीचा नंबर, बघते तर त्या बिननाव्याचाच, नावाच्या जागी दिसायचा तोच! म्हणजे शिवी पण आमच्या घरच्या नेटवरून, आणि खोडणं पण? घरात नेटचा फोन एकच, बाबांचा, तो माझ्या हातात. मग बघितलं, हॉटस्पॉटला कुणीतरी जोडलेलं. मी गपकन बंद केला.

आणि ओट्यावरून आवाज, "ए भाची! नेट गेला गं!"

हाल्यामामा! माझ्या आईचा सख्खा भाऊ! तळासरीकडचा! दर रविवारी येतो, कोंबडीचा रस्सा ओरपतो, ओट्यावर पाय पसरतो आणि एका बोटाने टुकटुक करत बसतो, मला वाटायचं बिचारा क्रिकेट बघतो! नेट चालू केलं, चहा घेऊन मागे जाऊन उभी राहिले, तर पडद्यावर अर्धं वाक्य तयार, 'खरा तारपा ऐकायचा तर तळासरीला...'

बहिणीच्या घरी जेवून भांडण काढायचं नसतं, मेव्हण्याला तर उलट बोलायचंच नसतं, म्हणून हा तोंडाने चकार शब्द काढत नाही. बोटाने भांडतो! आमच्या रश्शावर, आमच्या ओट्यावर, आमच्याच नेटवर!

आईला सांगितलं. आई म्हणते, "मामा आहे तुझा. तुझ्या बापाला कळलं तर माझं माहेर तुटेल. सांगायचं नाही!" मामाला विचारलं, तर मिशीतल्या मिशीत म्हणतो, "दोन्ही तालुके कशाला लिहिलंस? एकच लिहायचं होतंस!" आणि मला मुकी म्हणालास ते? त्यावर चहा फुर्रर्र!

तिकडे प्रचालक विचारतो, "एकाच घरातून दोघे लिहितात, तर दुसरी व्यक्ती कोण?" कोण ते मला माहीत, पण सांगायचं नाही! मग त्याने काय केलं? 'वाद मिटेपर्यंत लेख गोठवला आहे.' आणि गोठवला कधी, तर मामाचं वाक्य वर असताना! आता सगळ्या जगाला दिसतं, सायवनचे लोक तारप्याला पाठ करतात, आणि मला ते खोडता येत नाही!

काल सुक्याकाका स्वतः आले. "वाचतेस ना?" काका, तुम्हाला वाचता येत नाही हे बरं आहे, असं मनात म्हटलं, फोन समोर धरला आणि माझं जुनंच, खोडलेलं, तोंडपाठ म्हटलं. मोठ्याने! कधी नव्हे ते! काका डोळे मिटून ऐकत होते, शेवटी म्हणाले, "चांगलं छापलंय. आता हाल्याला पण वाचून दाखव, त्याला लय आवड आहे." मी मान हलवली, कारण सांगायचं...

"रुचिका! मामा आलाय गं, हॉटस्पॉट चालू कर!"

बघितलंत? आले गं आई! आता मी उठणार, माझ्याच हाताने त्याला नेट देणार, आणि तो त्याच नेटवर आपलं गोठलेलं वाक्य वाचत माझ्या...

"रुचिकाऽऽ! आणि रस्सा पण वाढ!"