डबा माझा, ज्वारी थोरल्याची

पालघर पोलीस ठाणे, ता. १८ नोव्हेंबर १९६७

मी झुंबर मारुती वाकचौरे, वय ४६, धंदा तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर ठेकेदाराकडे गोदाम-कारकून, हल्ली राहणार बोईसर, मूळ तालुका अकोले. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

माझा थोरला भाऊ शिवाजी याने काल फिर्याद दिली की, मुलगी सुगंधा हिला कोणीतरी फूस लावून नेले व सोबत फिर्यादीचा पत्र्याचा डबा आणि दोन किलो ज्वारी गेली. प्रथम डब्याबद्दल माझी तक्रार नोंदवावी. डबा फिर्यादीचा नाही, माझा आहे. मनोरच्या बाजारात घेतला. झाकण असे बसते की आत मुंगी जात नाही. तीन दिवस माझे पीठ उघड्या परातीत आहे आणि कागदोपत्री डबा भावाचा, हे मला सहन होत नाही.

फूस लागलेली मुलगी ज्वारी घेऊन पळते, असे माझ्या ऐकिवात नाही.

सुगंधाला मुंबईत टेलिफोनच्या कचेरीत नोकरी लागली आहे. सोमवारी सकाळी हजर न झाल्यास नोकरी जाईल. राहायचे कुठे, हे ठरवायला दसऱ्याला भावाच्या घरी बैठक झाली. मी 'मूर्खपणा' म्हणालो होतो. जमादारसाहेब तो शब्द लिहून घेत नाहीत, म्हणून बैठक. हजर पुरुष चार. चौघांचे मिळून मुंबईतले मुक्काम नऊ दिवस. भाऊ म्हणाला, "आपली माणसं असतील तीच वस्ती बरी." दादरला माणसे आपली, पण भाडे आपले नाही, म्हणून दादर गेले. परळला भाडे आपले, पण लोक गॅलरीत झोपतात, म्हणून परळ गेले. मेव्हण्यांनी गिरगाव घोडागाडीतून पाहिले होते. ते चांगले असल्याचे त्यांनी सांगितले. सुगंधा चहा देत होती. तिला विचारले नाही.

शेवटी जागा मीच सुचवली. माझ्या जुन्या सोबत्याचे घर. आपल्याच तालुक्यातला, गळ्यात माळ, भाडे निम्मे. माणूस भला असल्याची ग्वाही मी चौघांत दिली. दिवाळीनंतर सुगंधा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीसाठी तिथे राहिली. आठवडा राहायचे होते, तिसऱ्या दिवशी परत आली. का, ते मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. त्यानंतर ती घरातल्या प्रत्येक दाराची कडी आतून लावून पाहत असे. सोबत्याचे नाव वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे.

भावाने मुंबई बंद, नोकरी बंद, असे जाहीर केले.

बेटेगावची नवसी आमच्याकडे लाकडे आणते. ती दर वर्षी घरच्यांसह परमुलखात मजुरीला जाते. ती ओट्यावर सुगंधाशी बोलली, ते मी ऐकले. "आमी दर सालाला नव्या जागी जातो, बाय. टोपली उतरवायच्या आदी पाण्यावर बघतो, बाया एकल्या येतात का नाय. येतात तं जागा बरी हाय."

सुगंधा म्हणाली, "मुंबईत नळ घरात असतो गं."

"दळण तं घरात नाय ना?"

बैठकीत नवसीला बोलावले नव्हते.

बुधवारी सुगंधा मला म्हणाली, "काका, घट्ट झाकणाचा डबा द्या." मी दिला. त्याच दिवशी सकाळच्या गाडीत तिला मीच बसवून दिले. फूस म्हणतात ती हीच असेल, तर ती मी लावली.

तिचे कार्ड आज आले. ती नर्सांच्या वसतिगृहात शालू या वर्गमैत्रिणीकडे उतरली. दिवे लागल्यावर तीन वस्त्यांत पिठाच्या गिरणीपुढे डबा घेऊन उभी राहिली. पहिल्या रांगेत सगळे पुरुष. दुसऱ्या रांगेत मुली होत्या, प्रत्येकीमागे भाऊ. दोन्हीकडून दळण न घेता परतली. तिसरीकडे दोन मुली डब्यांवर बसून नंबरावरून भांडत होत्या, आणि एकदाही मागे वळून पाहत नव्हत्या. तिथे तिने ज्वारी दळली. त्याच गल्लीत एका शिक्षिकेबरोबर खोली घेतली आहे. भाडे पगाराच्या चौथाईत बसते. आतून कडी आहे, असे तिने कार्डाच्या कडेला लिहिले आहे.

त्या वस्तीचे नाव मला विचारले. माहीत आहे, सांगत नाही. मुलीचे वय एकवीस पूर्ण आहे, शाळेचा दाखला जोडला आहे. तिला आणायला शिपाई पाठवू नये.

भाऊ समोरच्या बाकावर आहे. "मला तरी सांगायचंस, झुंबर," म्हणाला. मी म्हणालो, "दादा, तू परत बैठक घेतली असतीस."

येथपर्यंतचा मजकूर जमादारसाहेबांनी मोठ्याने वाचला. डब्याच्या मालकीची दुरुस्ती करून घेतली. बाकी माझ्या तोंडचे आहे. ज्वारी मात्र भावाचीच होती, हे कबूल. तेवढी येताना बांधून आणली होती, ती सही करण्याआधी त्याच्या पिशवीत ओतली. पिशवी धरून त्याने विचारले, "दळण कसं आलं, काही लिहिलंय?"

मी म्हणालो, "बारीक."

सही,
झुं. मा. वाकचौरे