ओरेस्ट निवृत्त होतो

...नाही नाही, टॅक्स वाचला, ते मी नाकारतच नाही! चांगला घसघशीत वाचला. पण तुम्हाला सांगते, त्यापायी माझ्या बोटांना जो मैदा चिकटलाय ना, तो निघता निघत नाहीये...

आता मी पडले पोटॅशच्या खाणीत, जमिनीखाली किलोमीटरभर, हे एवढं धूड यंत्र चालवणारी बाई. पगार बरा, म्हणून टॅक्सही बरा! आणि नवरा, आमचा ओरेस्ट, घरी. स्वयंपाक, धुणी, दारातला बर्फ उपसणं, सगळं तोच बघतो... बघायचा! बावीस वर्षं मी घरात पाय टाकला की टेबलावर बीटाचं वाफाळतं सूप, आमचं बोर्श. मला वाटायचं, ते आपोआपच येतं!

तर फेब्रुवारीत बँकेतली कॉरीन म्हणते, आवाज असा की पॅनकेकवर पाक ओततेय, "अहो स्टेफा, म्हातारपणाचे पैसे नवऱ्याच्या नावानं भरा की! आज सूट तुमच्या टॅक्समध्ये, आणि पुढे काढाल तेव्हा ती कमाई त्यांची. त्यांना दुसरी कमाई नाही, म्हणजे तेव्हाही टॅक्स थोडकाच!" दोन्हीकडून टॅक्स वाचतो? मग उशीर कशाला?

ओरेस्टला नेलं ओढत. सही करता करता हा थबकला. "निवृत्तीचं खातं? माझं? अगं, निवृत्त व्हायला आधी माणूस कामावर असावा लागतो ना?"

"मग घरात काय कमी काम करतोस? कर सही, टॅक्स वाचतो!"

असं मी म्हणाले. मी! माझ्या तोंडानं! बावीस वर्षांत पहिल्यांदा... त्याचे डोळे भरून आले हो. मला वाटलं, सर्दी झालीय.

नाक पुसून कॉरीनला विचारतो, "निवृत्त कधी होता येतं?"

"केव्हाही! वयाची अट नाही!"

झालं! दुसऱ्या दिवशी घरी येते तर टेबल कोरडं ठणठणीत, आणि हा स्टुलावर पाय टाकून बसलेला.

"काय रे, बरं नाही?"

"मस्त आहे. निवृत्त झालोय."

मी हसले. दुसऱ्या दिवशीही हसले. मग पोटात कावळे ओरडायला लागले, हसू कुठलं! म्हटलं, पेरोगी म्हणजे काय मोठंसं? मैद्याच्या चकत्या कापा, बटाटा भरा, मिटा. उकळत्या पाण्यात टाकल्या आणि एकजात सगळ्यांनी तोंडं उघडली! पातेलंभर बटाट्याचा रस्सा!

ओरेस्ट उठला, वाकून बघितलं, आणि हसला नाही हो... हसला असता तर मी भांडले तरी असते! म्हणाला, "कडा ओल्या करून चिमटीत धर. मला जमायला दोन हिवाळे लागले. तू काही न बोलता खाल्लंस."

खाल्लं होतं? मला आठवतही नव्हतं!

"रोज करायचास तू हे?"

"रोज."

मग दोघांनी तोच रस्सा प्यायलो, एकाच पातेल्यातून. आता तो कामावर परतलाय, पण शनिवार-रविवार निवृत्त. ते दोन दिवस स्वयंपाक माझा!

तशीच गेले कॉरीनकडे. म्हटलं, "बाई, टॅक्स वाचला, पण मी कधी निवृत्त व्हायचं?"

"घाई काय आहे, स्टेफा? तुमची कमाई चालू असली तर ओरेस्ट एकाहत्तरचे होईपर्यंत भरता येतं!"

एकाहत्तर... अहो, तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे!