चमच्याला हळद

नको, नको, नको! मावशी, ती वाटी उचला आधी माझ्या पानावरनं. मासा नको म्हणलं ना! ... काय? नुसता रस्सा घे म्हणता? अवं, रस्सा काय आभाळातनं पडतो व्हय? त्याच माशातनं उतरतो न्हवं? हसा मंडळी, हसा! तळ्याकाठचा गडी आन् मासा खात न्हाई, हसायासारखंच हाय, माझी बायको बी हसती. पण तुमाला सांगतो, मी काय हौसंनं सोडला न्हाई. गळ्यात माळ घातली न्हाई, डाक्टरनं सांगितलं न्हाई. एका पत्र्यापायी सोडला! एवढासा पत्रा हो! विड्याचं पान बी त्याच्यापुढं मोठं म्हणायचं... एवढासा!

आता कसला पत्रा म्हणून आमच्या कुशादादाला इचाराल, तर त्यो तोंड उघडायचा न्हाई. कुशादादा म्हंजे माझा थोरला चुलतभाऊ. भावकीतलं थोरलं घर त्याचं, म्हणून पाची घरांचा देव्हारा त्याच्याकडं. माणूस लाखातला, कुणाच्या अध्यात न्हाई न मध्यात न्हाई, पण गळाचा नाद! बैल सोडले की गळ, जेवला की गळ. सगुणावैनी म्हणायची, "माझ्याशी लगीन कशाला केलं, बेडकीशी कराया पायजे व्हतं!" बेडकी का? तर मरळ बेडकीवर घावती म्हणून. मरळ ठाव हाय ना? माशातला वाघ! तिला गांडूळ चालत न्हाई, कणीक चालत न्हाई, जित्तं काही तरी समोरनं पळालं पायजे. ते बी तिची मर्जी असंल तर.

बरं, नाद तर नाद, कुणाचं काय जात व्हतं? पण नवे पैसे चालू झाले न्हाई का, त्या साली दादाच्या सखूचं लगीन ठरलं. स्थळ नांद्याचं, चांगलं खातंपितं घर. व्याही गेणबा... आता गेणबा म्हंजे कसा, पोट आधी मांडवात येणार आन् मग गेणबा. सुपारी फुटली, आन् मिशीवरनं हात फिरवून काय म्हणतो, "व्याही, मटान काय आमच्या नांद्यात बी शिजतंय. तुमी पडले तळ्याकाठचे. लगीन झाल्यावर मांडवपरतणीच्या जेवणाला हातभर मरळ खाऊ घाला, मग म्हणंन सोयरीक झाली!" आता ह्यावर माणसानं हसून गप बसावं का न्हाई? तर आमचा दादा म्हणतो, "हातभर? दोन हात देतो!" अरं, तुला कुणी बोलाया सांगितलं व्हतं? दोन हात मरळ काय तुझ्या परड्यात बांधली हाय?

झालं! त्या दिसापास्नं दादाचा जीव टांगणीला. धरायची, आन् लगीन होईस्तवर हौदात जित्ती ठेवायची, असा बेत. मरळ राहती हो हौदात, लई चिवट जात. पण बेडक्या संपत आल्या आन् मरळ काय येईना.

आन् तशात त्यो साहेब! पुण्याच्या कॅम्पातला पारशी साहेब, दर रविवारी मोटारीनं यायचा, दादा त्याची होडी वल्हवायचा. साहेबाकडं एक डबा. डबा उघडला की सोनाराचं दुकान! लाकडाचे रंगवलेले मासे काय, त्यांना काढलेले डोळे काय, खऱ्या माशापरीस देखणे. आन् एका कप्प्यात चमचे. चमचा म्हंजे खायाचा न्हवं, त्याला दांडा न्हाई. नुसता पोटाला खोलगट असा चकचकीत पत्रा, एका अंगाला दोरी, दुसऱ्या अंगाला गळ. पाण्यात टाकून ओढला की असा लचकतो, असा चमकतो, की मरळ धावून येती. भुकंनं न्हाई हां, रागानं! माझ्या घरात कोण एवढं मिरवतंय, म्हणून!

दादानं एकदा नुसतं बोट लावलं, तर साहेब केवढ्यांदा वरडला, "अरे बावा कुशाबा, हात नको लाव! एक चमचा सात रुपिया! आनि आता तर विलायतेवरून येते बी नाय!"

सात रुपये! एवढासा पत्रा हो! सात रुपयांत त्या वक्ताला अंड्यावरच्या चार कोंबड्या यायच्या, आन् कोंबड्या काय पाण्यात फेकून द्याव्या लागत न्हाईत. ह्यो चमचा तर फेकायचा! खाली धरणात बुडालेला आमचा गाव... आंब्याची खोडं, घरांच्या भिंती. त्यात चमचा अडकून दोरी तुटली की साहेब टोपी काढून उभा राहायचा, कुणी वारल्यागत. आन् दुसरा चमचा काढायचा!

पण दादाच्या डोळ्यांत चमचा बसला तो बसला. डालड्याच्या डब्याचं झाकण ठोकून चमचा केला. मरळींनी त्याच्याकडं बघितलं बी नसंल. मग स्वयंपाकघरातल्या पळीवर डोळा गेला, तर वैनी म्हणली, "पळीला हात लावाल तर बोटं चेचीन." बैलाच्या घुंगराची पितळ चेपली. बुडाली धोंड्यागत. दादा माझ्याकडं येऊन बसला, म्हणला, "बहिरू, पत्र्यात जीव पायजे रं. मेलेल्या पत्र्याला कोण भुलंल?"

आता जीव असलेला पत्रा कुटं मिळायचा?

सांगतो... पण हे हितनं भाइर जाऊ देऊ नका, मावशी. शपथ हाय.

हळद चार दिसांवर आली. हळदीच्या दिशी आमच्यात आधी कुळदैवताला हळद, मग पोरीला. देवाला लागली न्हाई तर पोरीला लागत न्हाई, लगीन उभं राहत न्हाई. म्हणून वैनीनं देव्हाऱ्यातले देव काढून दादापुढं ठेवले, चिंच-राख दिली, म्हणली, "घासा, तेवढाच संसाराला हात." त्यात आमचा बहिरोबा. आमच्या बहिरोबाची मूर्ती न्हाई, टाक हाय. चांदीचा, पातळ, त्यावर देव उमटवलेला. पिढ्यान् पिढ्या घासून घासून नाक-डोळे गेले, नुसता उजेड राहिलेला. आन् पोटाला खोलगट झालेला. आन्... वरच्या अंगाला भोक!

भोक कुटनं आलं? तर धरणाचं पाणी चढलं तवा दादाचा बाप, माझा थोरला चुलता, देवळातनं देव हालंना म्हणून निदान घरचा टाक तरी न्यावा, म्हणून आरीनं त्याला भोक पाडून, दोरा ओवून, गळ्यात घालून डोंगर चढला. मागं गाव बुडत व्हता आन् पुढं गळ्यात देव. दादा तवा पोरगं, बापाचा हात धरून चालत व्हता. तोच ह्यो टाक. आमच्या गावातली वर आलेली एवढीच वस्तू म्हणा ना. एवढासा पत्रा हो!

दादानं तो उन्हात धरला. चमकला! असा... असा चमकला, की दादाच्या हातातनं चिंच पडली.

तुमी म्हणाल, येडा का खुळा? अवं, माणूस भक्त! देवाला न इचारता पाऊल टाकायचा न्हाई. त्यानं कौल लावला. टाक देव्हाऱ्यात ठेवून त्याच्या दोन्ही अंगाला तांदळाचा एकेक दाणा चिकटवला, म्हणला, "बहिरोबा, एकदाच. पोरीच्या सोयरिकीसाठी. चालत असंल तर उजवा दे." पडला की उजवा! पडणारच! देव्हाऱ्याची फळीच उजवीकडं कलंडलेली! मी सोता ती दुरुस्त कर म्हणून दोन वरसं सांगत व्हतो! पण दादा म्हणला, देव बोलला.

सकाळच्या पारी गेला एकटाच, होडी घेऊन. आमचं जुनं बहिरोबाचं देऊळ पाण्यात हाय, चैत-वैशाखात पाणी उतरलं की कळसाचं टोक दिसतं. त्याच्या आसपासच थोरली मरळ राहती, अशी दादाची खात्री. साहेबानं टाकलेला जुना तंगूस, म्हंजे गळाची चिवट दोरी, भोकातनं ओवला. खाली गळ कसा बांधला ते त्याचं त्याला ठाव. हात जोडले, आन् देव फेकला!

बहिरोबा पाण्यात लचकला म्हणं... साहेबाच्या चमच्यापरीस बेस लचकला म्हणं! हे सांगताना त्या गड्याच्या तोंडावर कवतिक बी हाय आन् डोळ्याला पाणी बी हाय, मी काय म्हणू? आन् मग खालनं काळं काही तरी आलं, हिसका बसला, होडी फिरली, दादाच्या तळहाताची सालटी निघाली... आन् तंगूस ढिला पडला. ओढला, तर नुसता तंगूस.

देव गेला. मरळीच्या जबड्यात.

आला तो सरळ माझ्याकडं. दारात उभा, तळहात रक्ताळलेले, म्हणतो, "बहिरू, देव गिळला रं." मला का सांगितलं? पाच घरं हायेत भावकीत, गावभर माणसं हायेत, मलाच का? मी काय मरळीच्या पोटात शिरून काढणार व्हतो? पण त्याचं तोंड बघवंना. म्हणला, "सखूला हळद कशी लागायची? माझ्या हातानं मी पोरीचं लगीन पाण्यात टाकलं." आन् बसला डोकं धरून. सखू आमच्या अंगाखांद्यावर वाढल्याली पोर.

मग काय, दोघं होडीत. बेडक्या टाक, गांडूळ टाक, जाळं टाक. एक मरळ घावंना! एरवी लहान पोरांना वढ्यात घावत्यात त्या मरळी, सगळ्या कुटं गेल्या व्हत्या देव जाणे! ... न्हाई, देव जाणेच म्हणा, देव तितंच व्हता.

हळदीच्या आदल्या दिशी रविवार. साहेब आला. दादानं दोन कोंबड्या आन् पायलीभर आंबेमोहर त्याच्या मोटारीत ठेवला, म्हणला, "एक चमचा द्या." साहेब म्हणतो, "अरे, तुला कशाला पायजे?" दादा म्हणतो, "घरचं माणूस पाण्यात राहिलंय." साहेबाला काय कळलं कुणास ठाव, त्यानं टोपी काढली आन् चमचा दिला.

गेलो आमी कळसापाशी. दादानं चमचा हातात घेतला, हात वर केला... आन् तसाच राहिला. मी म्हणलं, "दादा, टाक की." त्यो म्हणला, "ह्यो बी गेला तर रं?" हात खाली घेतला. चमचा तळहातावर ठेवून बघत बसला. चांदीगत चकचकीत. तेवढाच. वर भोक. माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. दादानं चमच्याचा गळ काढला आन् पाण्यात सोडून दिला.

दुसऱ्या दिशी देव्हाऱ्यातनं पाटावर आला तो साहेबाचा चमचा! पाठीवर विलायती अक्षरं कोरलेली! गोजराबाई, आमची म्हातारी चुलती, तिनं त्याला डोकं टेकवलं. पाची घरांनी टेकवलं. मी? मी बी टेकवलं! पुढं भावकी, मागं भावकी, न वाकून सांगतो कुणाला? वैनी पुढं झाली, हळदीचा गोळा घेतला आन् चमच्यावर अशी थापली, अशी थापली, की चमचा का टाक, देवाला बी कळलं नसतं. मग सखूला हळद लागली. पोरगी काय दिसत व्हती... दादा खांबाला धरून उभा व्हता.

लगीन लागलं. नांद्याला पोरगी गेली. सांजच्याला मी दादाच्या चुलीपाशी चहा घेत बसलेलो, वैनी देव धूत व्हती. हात न थांबवता म्हणली, "वरच्या अंगाला एकच भोक व्हतं. आता खाली बी हाय."

मी कपबशी खाली ठेवली.

"लगीन होऊन आले तवापास्नं घासतीया मी त्याला," वैनी म्हणली. "मला हात लावताच कळलं. उगं व्हय एवढी हळद थापली?"

दादा खाली बसला आन् रडला हो, ल्हान पोरागत. "मी देव घालवला, सगुणे."

वैनीनं चमचा पुसला, देव्हाऱ्यात ठेवला, म्हणली, "घालवला कशाचा? मामंजींनी त्याला भोक पाडून गळ्यात बांधून वर आणला, तवा कुणी त्याला इचारलं व्हतं का, येतोस का म्हणून? गेला त्याच्या घरी. आपल्याला जाता येत न्हाई, म्हणून त्यानं बी जाऊ नये व्हय?"



दादानं गळ सोडला. मांडवपरतणीला मटान केलं, गेणबाची मिशी अजून पडलेली हाय. वरसाच्या आत सखूला लेक झाला, तर सगळी भावकी म्हणती, बहिरोबा हल्ली लई जागृत झालाय! चमच्याला नवस बोलत्यात! नारळ फुटत्यात! आन् वैशाखात कळस दिसाया लागला की दादा काठावर जाऊन हात जोडून बसतो, आन् मी उभाच. हात जोडायचे कुटं, घराकडं का तळ्याकडं? मी आपला दोन्हीकडं जोडतो.

आन् ह्या सगळ्यात माझं काय झालं? बाकीच्यांना ठाव न्हाई, ती खुशाल मासे खात्यात. मला ठाव हाय! घास तोंडात गेला आन् दाताखाली काही कचकन् लागलं, की काळजाचं पाणी होतं... काटा हाय का देव हाय? थुंकायचं का गिळायचं? थुंकावा तर पाप, गिळावा तर पाप! एवढासा पत्रा हो... एवढासा!

उचला वाटी, मावशी. वरण-भात वाढा, मीठ वाढा, झालं माझं. पाणी तळ्याचंच हाय न्हवं? ... मग तेवढं गाळून द्या.