शेवऱ्याचा बालंक्या

तुम्ही फोटोसाठी सगळे एकच ॲप वापरता, म्हणून सांगतो. अहमदपूरला मी फ्लेक्सच्या दुकानात आहे. जुने फोटो साफ करणारं एक एआय टूल मला सापडलं होतं. फारसं कुणाला माहीत नाही, पण काम झकास.

देवणीचे मन्मथअप्पा फ्लेक्ससाठी एक डागाळलेला फोटो घेऊन आले. दुसऱ्या दिवशी जनावरांचं प्रदर्शन होतं. फोटोत अप्पा आणि त्यांचा शेवरा, म्हणजे अंगावर काळे डाग असलेला पांढरा वळू. मी टूलला लिहिलं, ‘सगळे डाग काढ,’ आणि न बघताच छापायला टाकलं.

अप्पांनी फ्लेक्स उलगडला.

“हा कुणाचा वळू हाय?”

“तुमचाच, अप्पा.”

“माझा शेवरा हाय, लेका. ह्यो तर बालंक्या, पार पांढरा. उद्या पंच म्हणतील, अप्पानं वळूच बदलला.”

“दुसरा छापून देतो,” मी म्हणालो.

अप्पा दारापर्यंत गेले आणि परत आले. फ्लेक्सवरचं स्वतःचं तोंड त्यांनी निरखून पाहिलं. गालावरचे देवीचे वणही गेले होते.

“वळूचे डाग तेवढे परत आण,” ते हळूच म्हणाले. “माझे नको आणू.”